शाळेचा जाब कोणी कोणास द्यावा?

गेल्या पावसाळ्यांत एके सायंकाळीं आम्ही कोल्हापुराजवळच्या एका खेड्यांत घरभेटीस गेलों होतों. घरांतील म्हातारी आजारी होती. सरकारी दवाखान्यांतून तिला गोळ्या मिळाल्या होत्या, आणि त्या केव्हां व किती घ्यावयाच्या हें मराठींत स्वच्छ अक्षरांनीं लिहिलेली चिठ्ठीही मिळाली होती. आईनें ती चिठ्ठी मुलीच्या हातीं दिली. मुलगी इयत्ता पांचवींत आहे. तिनें चिठ्ठी डोळ्यांजवळ नेली, दोन-तीन अक्षरें लाविलीं, आणि मग ती खालीं मान घालून उभी राहिली. आई तिजवर रागावली नाहीं. ती आम्हांकडे वळली व म्हणाली, “पाळकसाहेब, पोरगी रोज शाळेला जातीया. तुमी तर कमिटीवर हायसा. मग हिला दोन वळी वाचाय का येत न्हाईत?”

ह्या प्रश्नाचें उत्तर आम्हांजवळ नव्हतें. त्या गांवच्या शाळा व्यवस्थापन समितीवर आम्ही शिक्षणप्रेमी सभासद म्हणून तीन वर्षें बसत होतों. सभेचें इतिवृत्त पुढें आलें कीं सही करीत होतों. त्या इतिवृत्तांत मुलांची हजेरी चांगली होती, प्रगति समाधानकारक होती, आणि खालीं आमचें नांव होतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही मुख्याध्यापकांकडे गेलों. आणि खरें सांगावयाचें तर जाब विचारावयास गेलों. वर्ग पांच, शिक्षक दोन. त्यांतील एक हे स्वतःच. त्यांनीं आमचें बोलणें शांतपणें ऐकून घेतलें, उठून कपाट उघडलें, व आंतील फायलींच्या चळती दाखविल्या. ते म्हणाले, “वरून जी जी माहिती मागितली, ती ती वेळेवर दिली आहे. त्या मुलीचें नांव ह्यांत पन्नास ठिकाणीं सांपडेल. तिला वाचतां येतें कीं नाहीं, हें मजला कोणीं विचारलें नाहीं.” मग थोडें थांबून ते म्हणाले, “आपणही तीन वर्षें सही करीत आहां. आपण एकदां तरी वर्गांत येऊन बसलांत काय?”

आम्ही जाब मागावयास गेलों आणि जाब देण्याचा प्रसंग आम्हांवरच आला. त्या दिवसापासून जो विचार मनांत घोळत आहे तो वाचकांपुढें ठेवण्यासाठीं हा लेख लिहिला आहे. शाळा सुधारावी म्हणून आज पुष्कळ योजना निघतात, आणि त्या प्रत्येकींत मुख्याध्यापकाचें नेतृत्व व उत्तरदायित्व हे शब्द असतात. हे शब्द चांगले आहेत. परंतु कोणी, कोणास, कशाचा जाब द्यावा हा प्रश्न त्यांच्या आड झांकला जातो, आणि आमच्या मतें हा प्रश्न व्यवस्थेचा असण्याआधीं नीतीचा आहे.

प्रथम शब्दांकडेच पाहूं. ‘जाब’ आणि ‘जबाबदारी’ हे दोन्ही शब्द एकाच मुळापासून निघाले आहेत. तें मूळ म्हणजे ‘जवाब’, उत्तर. परंतु व्यवहारांत त्यांच्या वाटा निरनिराळ्या झाल्या आहेत. जाब दुसरा मागतो. जबाबदारी आपण होऊन पत्करावयाची असते. जाब काम संपल्यावर येतो. जबाबदारी कामाच्या आधीं उभी राहते. ज्या घरांत मुलास केवळ जाब विचारला जातो, तें मूल खोटें बोलावयास शिकतें. ज्या घरांत त्यास जबाबदारी दिली जाते, तें पुष्कळदां चुकतें, पण चूक येऊन सांगतें. शाळेचेंही तसेंच आहे.

ही गोष्ट नवी नाहीं. इंग्लंडांत इ. स. १८६२ मध्यें असा नियम करण्यांत आला कीं, शाळेस मिळावयाचें सरकारी अनुदान बव्हंशीं मुलांच्या हजेरीवर व वाचन, लेखन आणि गणित ह्यांच्या परीक्षेच्या निकालावर ठरावें. ह्यांतील न्याय वरवर पाहतां उघड दिसतो: जसें काम तसा दाम. परंतु परिणाम असा झाला कीं, इन्स्पेक्टर जें पुस्तक ऐकणार तेवढेंच मुलांकडून घोकून घेतलें जाऊं लागलें. कवि मॅथ्यू आर्नोल्ड हे स्वतः शाळांचे इन्स्पेक्टर होते, आणि ह्या पद्धतीनें शिक्षण निर्जीव होतें असें ते वर्षानुवर्षें सांगत राहिले. मुंबई इलाख्यांतही निकालावर अनुदान देण्याची हीच रीत आली. जोतीराव फुले ह्यांनीं इ. स. १८८२ मध्यें हंटर कमिशनपुढें जें निवेदन केलें, त्यांत त्यांनीं ह्या रीतीविषयीं स्पष्ट सांगितलें आहे कीं, जेथें लोकांस विद्येची गोडीच अजून लागलेली नाहीं तेथें ती उपयोगाची नाहीं. कुणबी, माळी, महार ह्यांच्या वस्तींत अशा अटीवर कोण शिक्षक आपण होऊन शाळा काढील, असा त्यांचा आशय होता. जेथें निकाल लवकर दिसत नाहीं तेथेंच शिक्षकाची गरज अधिक असते, आणि निकालावर दाम देणारी रीत त्याला तेथूनच पळवून लावते. फुल्यांनीं त्याच निवेदनांत शिक्षक कसा असावा हेंही सांगितलें आहे. तो शिकून तयार झालेला असावा, शेतकरी वर्गांतला असावा, लोकांत मिसळणारा असावा, प्रसंगीं नांगराचा रुमणा हातीं धरण्यास न लाजणारा असावा, आणि त्याला पोटापुरता पगार मिळावा. म्हणजे शिक्षकाकडून काय मागावें हें सांगतांना त्यास काय द्यावें हेंही त्यांनीं सांगितलें.

आमच्या कोल्हापुरांतही ह्याच न्यायाचें एक मोठें उदाहरण आहे. छत्रपति शाहू महाराजांनीं इ. स. १९१७ मध्यें आपल्या संस्थानांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. जो पालक मुलास शाळेंत पाठविणार नाहीं त्यास दरमहा एक रुपया दंड ठेविला. त्या काळीं रुपया म्हणजे शेतकऱ्यास लहान रक्कम नव्हती. दंडाची ही गोष्ट पुष्कळ लोक कौतुकानें सांगतात. परंतु तिची दुसरी बाजू त्याहून महत्त्वाची आहे. महाराजांनीं पालकास दंड सांगण्यापूर्वीं फी माफ केली, खजिन्यांतून पैशाची तरतूद केली, आणि गांवोगांवीं शाळा उघडण्याचें काम हातीं घेतलें. दोन वर्षांनीं, इ. स. १९१९ मध्यें, अस्पृश्यांच्या मुलांसाठीं असलेल्या निराळ्या शाळा बंद करून तीं मुलें सर्वांच्या शाळेंत घ्यावीं असा हुकूम काढला. ज्याचें मूल एरव्हीं निराळें बसविलें गेलें असतें, त्याच्यावर दंडाची सक्ती करण्याचा अधिकार ह्या हुकुमानें राजास खऱ्या अर्थानें प्राप्त झाला, असें आम्हांस वाटतें. जो मागतो त्यानें आधीं दिलें पाहिजे. जाब विचारण्याचा हक्क मोफत मिळत नाहीं.

आतां आजच्या मुख्याध्यापकाकडे पाहूं. इ. स. २००९ चा बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्या कायद्याच्या परिशिष्टांत असें आहे कीं, पहिली ते पांचवीच्या शाळेंत दीडशेहून अधिक मुलें असतील तर शिकविणाऱ्या शिक्षकांखेरीज निराळा मुख्याध्यापक असावा. आणि साठ मुलांपर्यंत दोन शिक्षक असावेत. शाहूवाडी, गगनबावडा, राधानगरी, भुदरगड ह्या डोंगरी तालुक्यांतील वाड्यावस्त्यांवर दीडशे मुलें कोठून येणार? तेथें मुख्याध्यापक म्हणजे जो शिक्षक जुना तोच. तो एकाच वेळीं दोन-तीन इयत्ता शिकवितो, पोषण आहाराच्या तांदळाचा हिशेब ठेवितो, युडायसची माहिती भरतो, आणि मोबाईलवर येणाऱ्या प्रत्येक संदेशास संध्याकाळपर्यंत उत्तर पाठवितो. जनगणना, आपत्ति आणि निवडणुका ह्यांशिवाय अन्य अशैक्षणिक कामास शिक्षकास जुंपूं नये असें कायद्याचें सत्ताविसावें कलम म्हणतें. परंतु कागद भरण्याचें काम हें शैक्षणिक कीं अशैक्षणिक, हें त्या कलमानें सांगितलेलें नाहीं. अशा मनुष्यास आपण ‘शाळेचा नेता’ म्हणतों. शिक्षक नेमणें वा बदलणें त्याच्या हातीं नाहीं, पैसा थोडा, वेळ तर त्याहून थोडा. आणि जाब मात्र सर्व गोष्टींचा.

ह्यावरून कोणी म्हणेल, तर मग मुख्याध्यापक निर्दोष आहे. त्याजकडे बोट दाखवूं नये. आम्ही असें म्हणत नाहीं. येथेंच ह्या प्रश्नाचा खरा पेंच आहे. जें हातांत नाहीं त्याबद्दल मनुष्यास दोषी धरणें अन्याय आहे, हें खरें. परंतु हातांत थोडें आहे म्हणून कांहींच नाहीं असें समजणें हीही एक लबाडी आहे. मर्यादा कोठें आंखावी?

एक उदाहरण घेऊं. दर वर्षीं दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडकडून व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोडीच्या टोळ्या कोल्हापूर जिल्ह्यांतील कारखान्यांकडे येतात आणि उन्हाळा लागेपर्यंत राहतात. त्यांच्याबरोबर त्यांचीं मुलें येतात. मुलाचें नांव तिकडच्या गांवच्या पटावर असतें, आणि मूल इकडे आमच्या ऊसाच्या फडांत, पाचटाच्या खोपीपाशीं, धाकट्या भावंडास संभाळीत असतें. तिकडचा मुख्याध्यापक म्हणतो, मूल माझ्या गांवांत नाहीं, मी काय करूं? इकडचा म्हणतो, मूल माझ्या पटावर नाहीं, मी काय करूं? साखरशाळा निघाल्या, शिक्षण हमी पत्रकें निघालीं. त्यांनीं कांहीं मुलांचें हित झालें, तरी फडांत फिरणारीं मुलें आपण सर्वांनीं पाहिलीं आहेत. त्या मुलाचा बाप उचल घेऊन आला आहे, ती फेडल्यावांचून त्यास परत जातां येत नाहीं. त्या मुलाच्या दारिद्र्याचा जाब दोहोंपैकीं कोणाही मुख्याध्यापकाकडून मागतां येणार नाहीं. परंतु दोन गोष्टींचा जाब प्रत्येकाकडून मागतां येईल. पहिली: जें मूल शाळेंत नाहीं तें हजर म्हणून लिहिलें काय? दुसरी: जें मूल दाराशीं आलें त्यास ‘तूं आमच्या पटावरचें नाहींस’ असें म्हणून परत पाठविलें काय?

आमच्या मतें मर्यादा येथें आहे. मनुष्य परिणामाचा धनी नेहमींच नसतो. पण सत्याचा धनी तो नेहमींच असतो. मुलीस वाचतां येत नाहीं, हा एकट्या मुख्याध्यापकाचा दोष नसेल. परंतु ‘प्रगति समाधानकारक’ असें लिहिणें, हा ज्यानें लिहिलें त्याचा आणि ज्यानें न पाहतां सही केली त्याचाही दोष आहे. आणि जी व्यवस्था खरें सांगणाऱ्यास नोटीस देते व खोटें लिहिणाऱ्यास शाबासकी देते, त्या व्यवस्थेचा दोष ह्या दोघांहून मोठा आहे. जें खरें सांगितल्यानें मनुष्याचें नुकसान होतें, तें फार दिवस कोणी सांगत नाहीं. म्हणून सुधारणा करणाऱ्यांनीं पहिलें काम हें करावें कीं, ‘माझ्या शाळेंत इतक्या मुलांस वाचतां येत नाहीं, मला मदत पाहिजे’ असें सांगणाऱ्या मुख्याध्यापकास शिक्षा न होतां मदत मिळावी.

आतां नेतृत्वाविषयीं. हुकूम देणें म्हणजे नेतृत्व, ही समजूत आमच्या समाजांत खोल रुजलेली आहे. कुंभोजांत जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांचें उदाहरण ह्या समजुतीविरुद्ध साक्ष देतें. त्यांनीं इ. स. १९१९ मध्यें रयत शिक्षण संस्था स्थापिली. साताऱ्याच्या त्यांच्या वसतिगृहांत सर्व जातींचीं मुलें एका पंक्तीस जेवत. मुलांच्या रात्रीच्या जेवणास धान्य उरलें नाहीं तेव्हां त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनीं आपल्या गळ्यांतील मंगळसूत्र दिलें, हें सर्वश्रुत आहे. अशा घरांत जबाबदारी म्हणजे काय हें कोणास समजावून सांगावें लागत नाहीं. मुलें आज जेवलीं कीं नाहीं, हाच तेथें अहवाल. प्रत्येक मुख्याध्यापकाच्या पत्नीनें दागिने विकावे असें आम्हांस सुचवावयाचें नाहीं. दुसऱ्याच्या त्यागावर व्यवस्था उभारणें हेंही अन्यायाचेंच. सांगावयाचें इतकेंच कीं, जो मुलाच्या जवळ उभा आहे त्यास मुलाची गरज आधीं दिसते, आणि जवळ उभें राहणें हेंच शाळेंतील नेतृत्वाचें पहिलें लक्षण आहे. आपल्या सहकारी शिक्षकाच्या वर्गांत मागल्या बांकावर बसून त्याचा धडा ऐकणारा, आणि मग ‘ह्या तीन मुलांना उद्यां मी घेतों’ असें म्हणणारा मुख्याध्यापक हा शंभर परिपत्रकें काढणाऱ्याहून अधिक नेता होय.

परंतु एकट्या मनुष्याच्या खांद्यावर हें ओझें टाकूंही नये. ह्याच जिल्ह्यांतील बहिरेवाडीचे जे. पी. नाईक, ज्यांनीं गारगोटीस मौनी विद्यापीठ उभारलें, ते इ. स. १९६४ ते १९६६ च्या कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव होते. त्या आयोगानें असें सुचविलें होतें कीं, जवळपासच्या शाळांचा एक समूह करावा. त्यांनीं ग्रंथ व साधनें वांटून घ्यावीं, शिक्षकांनीं एकमेकांच्या अनुभवानें शिकावें, आणि प्रत्येक लहानसहान गोष्टीसाठीं वर तोंड करून बसूं नये. इ. स. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेंही हाच विचार पुनः पुढें आणिला आहे. ह्यांत एक धोका आहे. ‘समूह’ म्हणतां म्हणतां वाडीवरची लहान शाळाच बंद करण्याचें तें निमित्त होऊं नये. सहा वर्षांचें मूल पावसाळ्यांत ओढा ओलांडून दुसऱ्या गांवीं जाऊं शकत नाहीं. हा हिशेब कागदावर येत नाहीं, तो ओढ्याच्या कांठीं उभें राहूनच करावा लागतो.

कोणी आक्षेप घेईल: आपण वरच्या तपासणीस इतकें नांवें ठेवितां, मग जो शिक्षक शाळेंत येतच नाहीं, त्याचें काय? आक्षेप योग्य आहे. तपासणी नको असें आम्ही म्हणत नाहीं. पूर्वीं दिपोटी शाळेंत येत तेव्हां मुलास उभें करून वाचावयास लावीत. त्यांत भीति होती, पण निदान त्यांच्या कानीं मुलाचा आवाज पडत असे. आज माहिती पुष्कळ वर जाते, आणि आवाज मात्र कोणाच्याच कानीं पडत नाहीं. वरच्या अधिकाऱ्यांनीं थोडे प्रश्न विचारावे, पण खरे विचारावे. आणि विचारतांना एक प्रश्न स्वतःस विचारावा: ह्या शाळेस जें द्यावयाचें तें आम्हीं दिलें काय? ज्या शाळेंत शिक्षकाची जागा वर्षभर रिकामी आहे, तेथें प्रगतीचा जाब विचारण्यापूर्वीं रिकाम्या जागेचा जाब दिला पाहिजे.

आणि शेवटीं आपण गांवचे लोक. कायद्याच्या एकविसाव्या कलमाप्रमाणें शाळा व्यवस्थापन समितींत तीन-चतुर्थांश सभासद पालक असले पाहिजेत, आणि समितीचे निम्मे सभासद स्त्रिया. शाळेच्या कामावर देखरेख ठेवणें, विकासाचा आराखडा करणें, अनुदानाचा विनियोग पाहणें, हें ह्या समितीचें काम. म्हणजे ज्या आईनें आम्हांस प्रश्न विचारला, तिला तो सभेंत विचारण्याचा हक्क कायद्यानेंच दिलेला आहे. पण ती सभेंत येत नाहीं, कारण सभा भर दुपारीं असते आणि ती तेव्हां भांगलणीस गेलेली असते. किंवा येते आणि मागें बसते, कारण तिला वाटतें कीं शिकल्यासवरल्या लोकांत आपण काय बोलावें. हें तिचें भय घालविणें हें काम आमच्या वाचकांपैकीं जे उपदेशक, सेवक व मंडळीचे वडील आहेत त्यांचें आहे. मिशनच्या शाळांविषयीं कोणी म्हणेल कीं, सर्वोच्च न्यायालयानें इ. स. २०१४ मध्यें अल्पसंख्याकांच्या शाळांस हा कायदा लागू नाहीं असें ठरविलें. ठरविलें असेल; परंतु कायद्यानें सूट दिली म्हणून नीति सूट देत नाहीं. ज्या शाळांचा आरंभ कोल्हापुरांत इ. स. १८५२ मध्यें आलेल्या वाइल्डरसाहेबांच्या काळापासून सांगण्यांत आपणांस अभिमान वाटतो, त्या शाळांनीं तर आईच्या प्रश्नास सर्वांआधीं उत्तर दिलें पाहिजे.

त्या प्रसंगानंतर आम्हीं काय केलें, हेंही सांगितलें पाहिजे. नाहीं तर हा लेखही कपाटांतल्या फायलीसारखाच होईल. पुढची सभा सायंकाळीं दिवे लागल्यावर ठेविली. त्या सभेंत आम्हीं आधीं आपली चूक कबूल केली, कीं न पाहतां आम्हीं सह्या केल्या. मग मुख्याध्यापकांनीं सर्वांसमोर सांगितलें कीं तिसरी ते पांचवीच्या मुलांपैकीं अकरा मुलांस नीट वाचतां येत नाहीं. सभेंत कोणी ओरडलें नाहीं. त्या अकरांतील चौघांच्या आया तेथें बसल्या होत्या. गांवांतील बारावी झालेल्या दोन मुलींनीं रोज संध्याकाळीं तासभर त्या मुलांस घेऊन बसण्याचें कबूल केलें. ग्रामपंचायतीनें एक खोली व दिवा दिला. वहींत आठवड्यांतून एक दिवस वाचन ऐकावयास येण्याची पाळी प्रत्येक सभासदाच्या नांवावर लिहिली गेली. आमची पाळी गुरुवारची आहे. कांहीं गुरुवार आमच्याकडूनही चुकले आहेत, आणि त्याचा जाब मुख्याध्यापकांनीं आम्हांस विचारला. तो त्यांचा हक्क आहे.

ती मुलगी अजून अडखळत वाचते. परवां तिनें आजीच्या गोळ्यांची चिठ्ठी आईस वाचून दाखविली, आणि ‘जेवणानंतर’ ह्या शब्दाशीं ती बराच वेळ थांबली. आम्हीं तो शब्द तिला सांगितला नाहीं. तिचा तिलाच तो लागला.